बाही सोडायचं बटण

"अम्म बशीर, आमचा खेळ खेळून बघता का?"

हा प्रश्न गोफ्रानला सुचलेला नव्हता, तो मायसा आणि शैमा या मैत्रिणींनी तिच्या तोंडात कोंबला होता. "हिंमत असेल तर त्यांना विचारून दाखव," मायसा म्हणाली होती, आणि शैमा लगेच, "ही? विचारणार? अगं, ते नुसते खोकले तरी ही टेबलाखाली जाईल!"

बिझर्तच्या मासळीबाजारात अम्म बशीरनी, म्हणजे बशीरकाकांनी, अर्धं आयुष्य लिलाव पुकारला होता. आवाज असा, की टोपलीतली मेलेली कोळंबीसुद्धा दचकावी. मग एके दिवशी बाजारातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बाजार सुटला, आवाज मात्र तसाच राहिला. आता तो हाताशी सापडेल त्याच्यावर निघायचा.

मागच्या वर्षीची गोफ्रान असती तर खरंच टेबलाखाली गेली असती. पण युवाभवनातल्या संगणक-क्लबात तिनं आणि युस्रानं मिळून केलेला खेळ आजच्या प्रदर्शनात पंचांनी सकाळीच राजधानीतल्या, ट्यूनिसच्या महोत्सवासाठी निवडला होता, आणि तेव्हापासून तिचे पाय काही जमिनीला लागत नव्हते. युस्रा म्हणजे अम्म बशीरचीच मुलगी. ती वडिलांसाठी कोपऱ्यावरून फ्रिकासे, म्हणजे सारण भरलेला तळलेला पाव, आणायला गेली होती, म्हातारा खुर्चीत एकटाच बसला होता, आणि गोफ्राननं विचारून टाकलं.

अम्म बशीरनी भुवया वर केल्या. "खेळ? मी? माझं वय बघितलंस का, पोरी?" मग काठी टेकत उठले. "युस्राचा ना? कुठं बसायचं?"

मागे मायसानं शैमाला चिमटा काढला.

खेळ तसा विचित्रच होता. त्यात शत्रू नाहीत, गुण नाहीत, मरणंही नाही. एक मुलगी आपल्या लंगड्या बापाच्या कोटाची बाही धरून घरापासून जुन्या बंदरापर्यंत चालते, बस. तुम्ही घाई केलीत तर बाप थांबतो. त्याच्या चालीनं चाललात तर तो बोलू लागतो. चित्रं आणि शब्द युस्राचे, संगणकाचं काम सगळं गोफ्रानचं.

फक्त एक गोष्ट युस्राची नव्हती. खेळ तपासताना गोफ्रानला तोच रस्ता पुन्हापुन्हा पार करावा लागायचा, आणि त्या चालीनं चालायचं म्हणजे जीव जायचा. म्हणून तिनं स्वतःपुरतं एक बटण ठेवलं होतं. दाबलं की मुलगी बाही सोडून सुसाट पळते. असली बटणं सगळेच ठेवतात आणि खेळ लोकांना दाखवण्याआधी काढून टाकतात. पण शेवटच्या तपासणीला क्लबातली पोरं जांभया द्यायला लागली, युस्रा वडिलांना घेऊन इस्पितळात गेलेली, आणि गोफ्राननं ते बटण काढायच्या ऐवजी लाल रंगवलं. वर दरबुका ढोलकाचा ठेका जोडला, बंदरावर फटाके लावले. पोरं खुर्च्यांवर चढून ओरडली होती!

युस्रानं प्रदर्शनाच्या सकाळी ते पाहिलं. "ही बाही सोडते?" एवढंच तिनं विचारलं.

"अगं, निवड असली तरच खेळ ना!" गोफ्रान म्हणाली होती. वाक्य तिला इतकं आवडलं, की पंचांपुढेही तिनं तेच फेकलं.

अम्म बशीर पडद्यासमोर बसले. "हा लंगडा कोण? मीच की!" ते खूश झाले. नियंत्रक हातात घेऊन जाड अंगठ्यांनी त्यांनी मुलीला हळूहळू चालवलं. पडद्यावरचा बाप बोलू लागला: या निळ्या दाराच्या घरात सालेम राहायचा, त्याला ऑक्टोपस पकडायचं वेड, बायकोपेक्षा ऑक्टोपस जास्त ओळखायचा.

"हे मीच सांगितलं होतं तिला!" अम्म बशीर गडगडून हसले. गोफ्राननं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

तेवढ्यात मागून पोरांचा गलका सुरू झाला. "अम्म, लाल बटण दाबा! म्हाताऱ्याला सोडा, म्हाताऱ्याला! किती वेळ चालणार?"

"यानं काय होतं गं?" त्यांनी मान वळवून गोफ्रानला विचारलं.

क्लब चालवणाऱ्या लतीफसाहेबांचा, सगळे त्यांना 'सी लतीफ' म्हणत, एकच कडक नियम होता. कुणी तुमचा खेळ खेळत असलं, की मागे उभं राहायचं आणि तोंड शिवून घ्यायचं. सांगायचं नाही, सुचवायचं नाही, सुस्कारासुद्धा टाकायचा नाही. खेळणारा अडला तर ती खेळाची चूक, त्याची नाही. एरवी बडबड्या गोफ्रानला हा नियम पाळताना घाम फुटायचा. त्या दिवशी मात्र तिला तो फार सोयीचा वाटला. तिनं हसून नुसते खांदे उडवले.

अम्म बशीरनी बटण दाबलं.

मुलीनं बाही सोडली. ठेका सुरू झाला, तिचे केस उडाले, गल्ली मागे पडली, आणि पडद्याच्या कडेला कोट घातलेला बाप लहान लहान होत गेला. तो तिथंच उभा होता. बंदर आलं, फटाके फुटले, पोरांनी टाळ्या पिटल्या.

अम्म बशीरनी नियंत्रक अलगद टेबलावर ठेवला. "हं," ते म्हणाले. "बरोबरच आहे. पोरीला पळायचंय."

मागे युस्रा फ्रिकासेची पुडी घेऊन उभी होती. ती कधी आली, गोफ्रानला कळलंच नाही. अम्म बशीर उठले. युस्रानं दंड धरायला हात पुढे केला, पण त्यांनी काठी त्या हाताच्या बाजूला घेतली आणि एकटेच दारापर्यंत गेले.

"जिंकलीस गं पैज!" शैमा कानात किंचाळली. गोफ्रानला हसताच आलं नाही.

त्यानंतर बापलेकीचं रोज संध्याकाळी मिळून बंदरावर जाणं बंद झालं. "मी मागून गेले की ते थांबतात," शाळेच्या भिंतीवर बसून युस्रानं सांगितलं. "'जा घरी, अभ्यास कर,' म्हणतात. आणि मी माघारी फिरेपर्यंत हलत नाहीत."

"मग तू सांग ना त्यांना, की बटण माझं होतं!"

"सांगितलं. म्हणाले, दोघींचा खेळ, तर बटणही दोघींचंच." युस्रा भिंतीचा पोपडा नखानं काढत राहिली. "आणि तुला एक सांगू? रागावू नकोस. त्या सकाळी मीही ते दाबून बघितलं. मला बरं वाटलं, गोफ्रान. म्हणून तर तुला काढ म्हणाले नाही."

  गोफ्राननं भिंतीवरून उडी मारली आणि ती सरळ बंदरावरच्या चहाच्या दुकानात गेली. अम्म बशीर बदाम घातलेला चहा समोर ठेवून होड्यांकडे बघत बसले होते.

"अम्म, ते बटण मी घातलं. युस्राला माहीतही नव्हतं. ती इस्पितळात होती, तुमच्याबरोबर." एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते मायेनं हसले. "मैत्रिणीसाठी खोटं बोलतेस. चांगली आहेस. बस, चहा घे."

"खोटं नाही, अम्म! अल्लाची शपथ!"

"हे बघ पोरी. शिळा मासा कुणी विकायला आणला, आणि मागाहून मला येऊन म्हणाला, 'अम्म, शिळा होता, चुकलं माझं,' तर मी काय विचारतो? टोपली अजून बाजारात आहे का? असेल, तर त्याला चूक वाटलेली नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुमचा खेळ तर राजधानीला निघालाय. गावभर बोलबाला आहे. जा, मिरवा. मी रागावलेलो नाही. तिनं पळावंच. मला वेळेवर कळलं नाही, एवढंच."

गोफ्रान घरी आली, खोलीचं दार लावलं आणि ते बटण काढून टाकलं. लाल रंग, ठेका, फटाके, सगळं. काढायला वेळ लागलाच नाही. मग तिनं खेळ सुरू केला. आता पळायची सोयच नव्हती, म्हणून पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, ती त्या बापाच्या चालीनं पूर्ण रस्ता चालली.

आणि तिला कळलं, की स्वतः जोडलेल्या या खेळाचा शेवटच तिनं कधी वाचलेला नव्हता. युस्रानं लिहून दिलेले शब्द तिनं न बघता डकवले होते, आणि तपासताना दरवेळी त्यांच्यावरून पळत गेली होती. बंदर आलं, की बाप एका उलट्या होडीवर बसत होता. स्वतःच मुलीच्या हातातून बाही सोडवून घेत होता. म्हणत होता, "आता पळ. धक्क्याच्या टोकापर्यंत जा. मला इथून दिसतेस तू."

अम्म बशीर अजून थोडंसंच चालले असते तर इथवर पोचले असते. गोफ्राननं उशीत तोंड खुपसलं आणि रडू आवरेपर्यंत तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सी लतीफांनी चष्मा कपाळावर ढकलला. "निवडलेला खेळ निवडला तसाच जातो. बदललास तर नाव मागे घ्यावं लागेल. तुमची जागा दुसऱ्यांना मिळेल. युस्रा काय म्हणते?"

"तिला विचारूनच आलेय. ती म्हणाली, काढ."

"तिच्या डोळ्यांत पाणी होतं?"

"हो."

"तुझ्याही आहे," सी लतीफ म्हणाले आणि त्यांनी नाव खोडलं.

आता उरले घरचे. गोफ्रानचे बाबा लुआज, म्हणजे भाड्याची प्रवासी गाडी, चालवायचे, बिझर्त ते ट्यूनिस. सगळ्या स्थानकाला त्यांनी मुलीची बातमी ऐकवली होती. जेवायला बसल्या बसल्या त्यांनी सुरू केलं, "पुढची सीट तुझी, भाडं माफ, आणि मागे बसतील त्यांना मी सांगणार, की बाबांनो, जरा अदबीनं बसा, गाडीत कलावंत आहे!" तिची आई, उम्मी, महोत्सवासाठी शिवलेल्या हिरव्या झग्याची खालची कड टाचत होती. "जरा सरळ उभी राहा बघू, फार लांब वाटतोय का?"

गोफ्रान उभी राहिली.

"उम्मी, टाचू नकोस. बाबा, ऐका ना. मी ट्यूनिसला जात नाहीये. खेळ मी मागे घेतलाय, युस्राला विचारून. त्यात माझी एक चूक होती, ती काढली, म्हणून आता आमची जागा गेली. सी लतीफांनी नाव खोडलंसुद्धा, त्यामुळे त्यांना फोन करू नका. उद्या शाळा सुटली की मी संगणक उचलून बंदरावर नेणार आहे आणि अम्म बशीरना पुन्हा खेळायला सांगणार आहे. ते नाही म्हणतील कदाचित. मग परवा पुन्हा जाईन. हे माझं ठरलंय."