बाळ येण्याआधीची शिकवणी

लेकीला आठवा महिना लागायच्या बेतात होता आणि जावयांनी घरात कुत्र्याचं पिल्लू आणून ठेवलं. मी म्हटलं, "एक बाळंतपण पुरेना म्हणून दुसरं?" जावई हसले. "आई, दोघं बरोबरीनं वाढतील." माझं डोकं फिरलं, पण जावयापुढे किती तोंड चालवणार? पिल्लू गोल गरगरीत, म्हणून नाव पडलं ढब्बू.

मग ट्रेनरबाई यायला लागल्या. त्यांचं म्हणणं, या वयात पिल्लाला जे दाखवाल ते त्याला जन्मभर आपलं वाटतं, आणि जे राहून जाईल त्याची धास्ती बसते. म्हणून ढब्बूला मिक्सर ऐकवला, छत्री उघडून दाखवली, दाढीवाल्या पोस्टमनची ओळख करून दिली. आणि मुख्य म्हणजे तान्ह्या बाळाचं रडणं. जावई ते मोबाइलवर हळू आवाजात लावायचे आणि ढब्बू शांत बसला की त्याला उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचे. मग रोज आवाज थोडा वाढवायचा. बाबागाडीत उशी घालून ती घरभर फिरवायची. लेक सोफ्यावर पोट धरून हसायची. ढब्बू असा तयार झाला की रडणं कानावर पडताच असेल तिथून धावत येऊन समोर बसायचा, शेपटी हलवत. मी नावं ठेवायचे, पण कौतुक मलाही होतं.

नववा लागला आणि पोटातलं हलणं थांबलं. मुलगी होती. नर्सने तिला कापडात गुंडाळून लेकीच्या हातात दिलं, थोडा वेळ. त्याबद्दल मला आणखी सांगवत नाही.

लेक घरी येण्याआधी मी आणि जावयांनी खोली आवरली. पाळणा दुकानात परत, कपडे विहीणबाईंकडे, बाबागाडी शेजारी. तिच्या नजरेला काही पडू नये, एवढंच आम्हाला सुचलं. ती आली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडलीसुद्धा नाही. मला तेच खात होतं.

एका दुपारी मी तिला सूप भरवत होते. तिचा गाऊन दुधाने भिजला. तिनं खाली पाहिलं आणि हंबरडा फोडला. ढब्बू धावत आला, समोर बसला आणि आनंदाने शेपटी हलवत तिच्या हाताकडे बघत राहिला.

त्यानंतर ती रडली की हेच. ट्रेनरबाई फोनवर म्हणाल्या, "खाऊ देऊ नका. हळूहळू विसरेल."

"तोवर मला बघवणार नाही," जावई म्हणाले आणि त्यांनी ढब्बूचा पट्टा हातात घेतला. "आज याला परत देऊन येतो."

"द्याच," मी म्हटलं. मला त्या मुक्या जिवाचा खरोखर राग आला होता.

लेक उठून दारापर्यंत आली. "पाळणा नेलात, कपडे नेलेत. मला विचारलंत? ती येणार म्हणून या घरात कुणी काही शिकलं असेल तर हा एकटा. त्याला विसरायला लावू नका."

जावई पट्टा धरून दारातच खाली बसले. "अगं, पण मीच शिकवलं ना त्याला," म्हणाले.

"म्हणूनच," लेक म्हणाली आणि तिनं त्यांच्या हातातून पट्टा काढून घेतला.