मेंढरांची फळी

वडवणीच्या बाजाराला जायचं म्हणून धुळाजी सकाळीच टेम्पोला फळी लावून मेंढरं चढवत होते. तीन जाड फळ्या जोडून केलेली, दाराएवढी रुंद. खूर घसरू नयेत म्हणून वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. त्यांची लेक बबिता चाकाच्या खुर्चीत बसून पाहत होती. तिच्या पायांत जन्मापासूनच बळ नव्हतं.

"दुपारी सभा हाय, आण्णा. वेळेत या."

ग्रामपंचायतीत संगणक चालवायची जागा निघाली होती, आणि परीक्षेत बबिता पहिली आली होती. आज ग्रामसभेत हजर राहून रजिस्टरात सही केली की काम तिचं. नाही केली तर दुसऱ्या नंबरच्याचं, म्हणजे सरपंचांच्या भाच्याचं. हजर राहायला पंचायतीच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. तीनच! गावाला त्या कधी दिसल्याच नाहीत, कारण गावाला पाय आहेत.

आई साखराबाई तिची वेणी घालताना म्हणाली, "पोरं उचलून नेतील की. त्यांनाबी पुण्य लागतंय."

"माय, झेंडावंदनाला उचललं तवा कुणाचा हात कुठं लागला, ठाऊक हाय का तुला? फोटोत समदे हसत होते."

साखराबाईचा हात थांबला. "मला कावून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, गप बस, लोक उपकार करतेत."

साखराबाईनं वेणीचा पेड पुन्हा हातात घेतला. ती तेच म्हणाली असती. आणि तिलाच कशाला नावं ठेवायची? तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय म्हणालो असतो?

दुपारी मायलेकी पंचायतीपुढं आल्या. सरपंच बद्रीनाथ हसत दारात आले. "या बबिताताई. ए, उचला बे हिला दोघं जण."

"हात लावायचा न्हाई," बबिता म्हणाली. "मला खुर्ची चढवायला उतार पाहिजे. तीनदा अर्ज दिलाय."

"आता ह्या घडीला उतार कुठून आणू? लई ताठा बरा न्हाई, पोरी."

ग्रामसेविका वर्षाराणी मनानं चांगली बाई. ती रजिस्टर घेऊन खाली आली. "बबिता, इथंच सही कर. वाद कशाला?"

"मॅडम, आज खाली सही केली तर उद्यापासून कामबी खालीच बसून करू का?"

वर्षाराणी रजिस्टर मिटून उभी राहिली. आतून कुणीतरी ओरडलं, "दुसऱ्याचं नाव घ्या!"

तेवढ्यात बाजारातून परतलेला टेम्पो समोर थांबला. धुळाजी उतरले, काय झालं ते साखराबाईनं सांगितलं. ऐकता ऐकता ते सवयीनं लेकीला उचलायला वाकले.

"तुमीबी न्हाई, आण्णा."

ते तसेच वाकलेले राहिले. मग टेम्पोकडं गेले, फळी ओढून काढली आणि पहारीनं एकेक पट्टी उचकटायला लागले. सगळी सभा दारात येऊन बघत होती. चाकांना अडतील अशा सगळ्या पट्ट्या निघाल्यावर त्यांनी फळी पायऱ्यांवर टाकली.

"धुळाजी, लेंड्या लागल्यात फळीला," सरपंच म्हणाले. "कचेरी हाय ही."

"लेंडी झटकली की जाती, सरपंच." धुळाजींनी पटक्याच्या शेवानं फळी पुसली. "मेंढरू अडलं की मी फळी लावतो. लेकीला मात्र चोवीस वर्षं उचलतच आलो. माझ्याबी डोक्यात आलं न्हाई."

बबितानं चाकं धरली. निम्म्यात खुर्ची मागं घसरली. एक पोरगा मदतीला धावला, त्याचं मनगट साखराबाईनं धरलं. "तिनं बोलावलं का तुला?"

बबितानं दम घेतला, पुन्हा जोर लावला आणि वर गेली. टेबलापाशी जाऊन तिनं पूर्ण नाव लिहून सही केली.

"झालं ना मनासारखं?" सरपंच म्हणाले. "आता न्या ती फळी."

"फळी हितंच राहील. उद्या मला कामावर यायचंय. पक्का उतार बांधा, मग नेऊ."

सरपंचांनी सभेकडं पाहिलं. सभेतलं कुणी त्यांच्याकडं बघेना. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या गीताबाई गुडघे धरत त्याच फळीवरून चढल्या. पायऱ्यांच्या भीतीनं दोन वर्षं राहिलेला दाखला न्यायला आल्या होत्या.

पुढच्या बाजारी धुळाजी एकेक मेंढरू छातीशी धरून टेम्पोत चढवत होते. घामाघूम झाले होते. रस्त्यानं जाणाऱ्या हरिबानं विचारलं, "फळी कुठं गेली रं?"

"पंचायतीत हाय," धुळाजी म्हणाले, आणि पुढचं मेंढरू उचलायला वाकले. "मेंढरं उचलीन मी. लेक आता उचलायची न्हाई."