पुस्तकातले अकरा

शाळेत बाबांना मी 'सर' म्हणते आणि घरी 'बाबा'. मुलं त्यांना पाठीमागे 'सनावळी' म्हणतात, कारण कुठलंही साल विचारा, ते पाढ्यासारखं घडाघडा सांगतात. यंदा माझं शाळेचं शेवटचं वर्ष, आणि इतिहास शिकवायला बाबाच.

माझ्याकडे इतिहासाची दोन पुस्तकं होती. एक नवं आणि एक आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मी जन्मायच्या आधीच ती गेली, पण कुठे आणि कशी, ते घरात कुणी बोलत नसे. तिचं पुस्तक मला माळ्यावरच्या पेटीत सापडलं. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा आणि समासात शेरे. 'किती लढाया! यांना घरी कामं नव्हती का?' मग एका पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'इथपर्यंत झालं. मोर्चाहून आले की पुढचं.'

त्यापुढे एकही रेघ नव्हती. ती पानं वाचताना मागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. वळून बघितलं तर कुणी नसायचं. तरी पान उलटायच्या आधी मी जरा थांबायचे, तिचं वाचून होऊ दे म्हणून.

नव्या पुस्तकात त्याच मोर्चावर धडा आहे. चौकात गोळीबार झाला, अकरा जण गेले. खाली अकरा नावं आहेत, आत्याचं नाही.

आईला खोदून खोदून विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"चौकशीला अधिकारी आले, तेव्हा तुझ्या बाबांनी लिहून दिलं, की ती मोर्चात नव्हतीच, कुणाबरोबर तरी पळून गेली. प्रेताची ओळख पटवायलाही गेले नाहीत. नाहीतर नोकरी कोण देणार होतं? विशीतले होते गं. आता उगाच उकरून काढू नकोस."

माझं डोकंच फिरलं. दर वर्षी हाच माणूस फळ्यावर 'अकरा' लिहितो आणि मुलांकडून घोकून घेतो!

सराव परीक्षेत प्रश्न आला: गोळीबारात किती जण मृत्युमुखी पडले? एक गुण. म्हटलं, शेंडी तुटो वा पारंबी. मी 'बारा' लिहिलं आणि पुढे आत्याचं नाव. गुण गेला तर जाऊ दे. त्यांनी एकदा तरी तिला मोजावं, एवढंच मला हवं होतं.

पेपर मिळाले. माझ्या 'बारा'वर लाल फुली होती, शेजारी शून्य. रागाने डोळे भरून आले. सगळे बेरीज तपासत होते, म्हणून मीही केली. माझी एकसष्ट येत होती. वर लाल शाईत बासष्ट होते. पुन्हा केली, पुन्हा एकसष्ट. सनावळीची बेरीज चुकल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

मी उठून टेबलाशी गेले. "सर, एक गुण जास्त धरलाय."

"आली मोठी सत्यवादी!" मागून कुणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला.

त्यांचं बोट एकेका उत्तरावरून खाली आलं आणि फुलीवर थांबलं. तिथून ते हलेना. त्यांनी चष्मा काढला, पुसला मात्र नाही.

"बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. "जा, बस बाळा."

शाळेत त्यांनी मला कधी बाळा म्हटलं नव्हतं.

जागेवर येऊन बसले, तर पुन्हा मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. या वेळी मी वळून बघितलं नाही. पेपर जरा तिरका धरला, तिला वाचता यावा म्हणून.