पुतळाबाई सुरतेचं कबरस्तान बघतात

१९८८ सालची गोष्ट. फेब्रुवारी लागला होता आणि सिल्वासाजवळच्या मसाटच्या धाग्याच्या कारखान्यातल्या मराठी मंडळींची सहल कुठे न्यायची यावरून कॉलनीत चांगलीच जुंपली होती. आदल्या वर्षी उनाईचे गरम पाण्याचे झरे झाले होते, त्याआधी पारनेराचा डोंगर. या खेपेला मॅनेजर प्रकाश दामल्यांच्या बायकोने, सुजाताने, भलतंच ठिकाण काढलं होतं. सुरतेचं डच आणि इंग्रजांचं जुनं कबरस्तान. लग्नाआधी ती पुण्यात इतिहास शिकवायची आणि सिल्वासात आल्यापासून तिच्या त्या विद्येला गंज चढत होता.

"बाई, मसणात सहल?" शेजारच्या चाळीतल्या तानूबाईंनी विचारलं. "मग घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करायची का?"

"तीनशे वर्षं होऊन गेली, तानूबाई. त्यांचं सुतक आता त्यांच्या पणतवंडांनाही लागत नाही."

बायका हसल्या, पण हात कोणी वर करेना. शेवटी कबरस्तानानंतर दोन तास साड्यांच्या बाजारात, असं सुजाताने जाहीर केलं तेव्हा कुठे होकार आले. पण त्याच्याही आधी, बाजाराचं नाव निघण्यापूर्वीच, मागच्या सतरंजीवरून एक हात वर गेला होता. तो पुतळाबाईंचा.

पुतळाबाई म्हणजे सुपरवायझर श्रीकांत गिरीची आई. साठी ओलांडलेली, उंचीने लहान, पण बोलायला लागली की समोरचा आपोआप गप्प होई. मूळच्या साक्रीकडच्या. जातीने गोसावी. त्यांच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, जपाला बसल्यासारखं खड्ड्यात बसवतात, भोवती मीठ आणि बेलाची पानं भरतात आणि वरून माती लोटतात. पुतळाबाईंचे मालक सदाशिवबुवा दोन वर्षांपूर्वी गेले. ते गावच्या शेतात, बांधावरच्या बेलाखाली असेच बसले होते. त्यांच्या शेजारची जागा पुतळाबाईंनी मनाने कधीच धरून ठेवली होती. अडचण एकच होती. तिथे नेऊन बसवणारा मुलगा शब्द देत नव्हता.

त्यांनी विषय काढला की श्रीकांत म्हणायचा, "बघू गं माय. एवढ्यात कुठे निघालीस?" फार धरलं तर म्हणायचा, "इथून साक्रीपर्यंत कोण नेणार? इथे नदीकाठी चांगलं स्मशान आहे. कॉलनीतले लोक काय म्हणतील, आपण कोण म्हणून?"

पुतळाबाईंना मरणाची भीती अजिबात नव्हती, जळण्याची मात्र होती. सुजाताबाईंच्या तोंडून कबरस्तान हा शब्द ऐकला आणि त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. जमिनीत गेलेली मोठमोठी माणसं पोराला दाखवायची आणि परतीच्या गाडीत बसण्याआधी त्याच्याकडून शब्द घ्यायचा. मिळेल की नाही ही शंका त्यांना शिवली नाही. आयुष्यात त्यांनी मागितलेलं बहुतेक त्यांना मिळालं होतं, कारण त्या मागायचं थांबवत नसत.

रविवारी पहाटे कारखान्याच्या टेम्पोने सगळ्यांना वापीला सोडलं. पॅसेंजर गाडीत जागा भरपूर होती. उदवाडा, पारडी करत गाडी रमतगमत निघाली आणि अतुल येईपर्यंत डबे उघडले होते. सुजाताची थालीपीठं, तानूबाईंचा चिवडा आणि पुतळाबाईंनी सुनेकडून करून घेतलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर लसणीचा ठेचा. दामलेसाहेबांनी ठेचा तोंडात टाकला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"सायेब, पाणी देऊ का?" पुतळाबाईंनी विचारलं.

"नको, नको. वलसाड आलं की चहा घेईन."

"वलसाड येईस्तोवर तग धरा मग."

सरिता, त्यांची सून, पदरात तोंड घालून हसली. ती पुतळाबाईंच्या भावाचीच मुलगी, त्यामुळे सासू म्हणून त्यांचा धाक तिला कमी आणि आत्या म्हणून कौतुक जास्त.

वलसाडला गाडी रेंगाळली. श्रीकांत आईजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "माय, तिथे आपलं काही काढू नको. साहेब बरोबर आहेत."

"आपलं म्हणजे काय?"

"तुला कळतंय."

"मला कळतंय. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

श्रीकांत उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

सुरतेला उतरून सगळे रिक्षांनी कतारगाम दरवाजाकडे गेले. फाटकातून आत शिरल्यावर मात्र सगळ्यांचीच पावलं थबकली. मनात होतं ते काही ओबडधोबड दगडांचं रान. इथे तर घुमट होते. खांबांवर तोललेले, कमानींचे, काही दुमजली. चुना उडालेला, भेगांतून पिंपळ उगवलेला, तरी ऐट कायम. भिंतीपलीकडच्या घरांतल्या बायकांनी एका ओट्यावर गोधड्या वाळत टाकल्या होत्या.

सुजाता इंग्रजांच्या वखारीविषयी सांगू लागली. मंडळी तिच्याभोवती जमली आणि तेवढ्यात मागून फटकन नारळ फुटल्याचा आवाज आला.

तानूबाईंनी सगळ्यात मोठ्या घुमटाच्या पायरीशी चपला काढल्या होत्या. उदबत्ती लावून झाली होती, चौथऱ्याला हळदकुंकू लागलं होतं, तीन प्रदक्षिणाही झाल्या होत्या. आता नारळाचं पाणी डच साहेबाच्या उंबऱ्यावरून वाहत होतं. त्यांच्यामागे आणखी दोघी हात जोडून उभ्या होत्या.

"तानूबाई, अहो हे देऊळ नाही," सुजाता म्हणाली.

"घुमट आहे की."

"आत माणूस पुरलाय. कंपनीचा मोठा अधिकारी होता."

तानूबाईंनी हातातल्या करवंटीकडे पाहिलं, मग घुमटाकडे. सहल म्हटली की शेवटी कुठलातरी देव येणार, या हिशेबाने त्या नारळ घेऊनच घरून निघाल्या होत्या. "आता फोडला तो फोडला," त्या म्हणाल्या. "तीनशे वर्षांत त्याला कोणी फोडला नसेल. घ्या प्रसाद."

राखणदार लगबगीने आला तो रागवायलाच. पण बायकांचं बोलणं कानावर पडलं आणि त्याचा चेहरा पालटला. तो निघाला नंदुरबारकडचा, सुकदेव नावाचा. गावाकडची भाषा ऐकून त्याने खोबरं तर घेतलंच, वर पुतळाबाईंना बसायला स्वतःची खुर्ची आणून दिली. पुतळाबाई खुर्चीत बसल्या नाहीत. त्या एका लांबट कबरीभोवती फिरत होत्या.

"काय रे दादा, हे असे आडवेच का?"

"हो ना माय. झोपवलेले."

"वर एवढं मोठं छप्पर बांधायचं आणि आत झोपून राहायचं," पुतळाबाई म्हणाल्या. "आमच्यात बसतात."

"बसतात म्हणजे?" दामल्यांनी विचारलं.

सांगून कळेल असं पुतळाबाईंना वाटलं नाही. त्यांनी नऊवारीचा काचा सावरला, कबरीशेजारच्या गवतात बसकण मारली, मांडी घातली, पाठ ताठ केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. एक पोपट ओरडून गेला. मग डोळे न उघडताच त्या बोलू लागल्या. "असं. भोवती मीठ, बेलाचा पाला. तोंड उगवतीला. आमचे मालक असेच बसलेत, साक्रीला बांधावर. आणि मलाही त्यांच्या शेजारी असंच बसायचंय. पोरगा हो म्हणत नाही, एवढंच राहिलंय."

दामले श्रीकांतकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "गिरी, पण तुम्ही तर वडिलांच्या अस्थी रामकुंडावर सोडायला नाशिकला गेला होतात ना?"

पुतळाबाईंनी डोळे उघडले. हे त्यांना नवीन होतं.

"अस्थी कुठल्या, सायेब?" त्या म्हणाल्या. "अख्खं माणूस बसवलंय तिथे."

तानूबाईंना हसू आवरलं नाही. सरिताने त्यांचा दंड धरला तेव्हा थांबल्या. श्रीकांत कोणाकडे न बघता फाटकाजवळच्या हापशाकडे चालू लागला.

सरिताने सासूला हात देऊन उठवलं. "आत्याबाई, जा तुम्ही. मी आले तर ते बोलणार नाहीत."

श्रीकांत हापशाच्या दांड्याला धरून उभा होता. पाणी काढत नव्हता. पुतळाबाई शेजारच्या दगडावर बसल्या.

"चार माणसांत तू मला खाली पाहायला लावलंस," तो म्हणाला.

"आणि तू तुझ्या बापाला जाळलंस, तोंडाने. आपली एवढी लाज वाटते तुला?"

"लाज वाटायची. पहिल्यांदा वाटायची. नवीन नोकरी, नवीन माणसं." तो थांबला. "आता ते नाही, माय."

"मग काय?"

श्रीकांतने एकदा दांडा दाबला. पाणी सिमेंटवर पडून वाहून गेलं.

"तू विहिरीपाशी होतीस, बायकांत. तुला नुसता शंख ऐकू आला असेल. मी खड्ड्याच्या काठावर होतो. मीठ भरलं, छातीपर्यंत माती आली, मग गळ्यापर्यंत. मग नुसतं डोकं राहिलं. आबांचे डोळे मिटलेले, कपाळाला भस्म. सगळे म्हणाले, थोरल्याने आधी टाकायची. मी मूठ टाकली. ती कपाळावरून घरंगळून नाकावर आली. मला वाटलं, आता आबा फुंकर मारून उडवतील." त्याने तळहात पँटला पुसला, तो ओला नव्हता तरी. "जाळताना तोंड झाकतात, वर लाकडं असतात. मला तुझं तोंड मातीत जाताना बघवायचं नाही. म्हणून मी बघू बघू करतो. साक्री लांब आहे वगैरे सगळं आपलं उगीच."

दोन वर्षं पुतळाबाई समजत होत्या की पोरगा नोकरीला लागून मोठा झाला आणि आपली रीत त्याला हलकी वाटू लागली. त्यांना लांब उभं केलं होतं, म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं. बायकांनी जवळ जायचं नाही, हे त्यांनीही कधी विचारून पाहिलं नव्हतं.

फाटकाबाहेरून एक बर्फाचा गोळेवाला घंटा वाजवत गेला.

"मग माझ्या तोंडावर पदर टाक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पदर. पुरुषांना तसं काही नसतं. आम्हा बायकांना तेवढी सोय आहे. जन्मभर मोठ्या माणसांसमोर ओढला, तो अजून एकदा. आणि सरिताला जवळ उभी कर. तुझ्या हाताला जमलं नाही तर ती टाकेल पहिली मूठ."

"बायका कशा येतील खड्ड्याशी?"

"आज मी कुठे आलेय?" पुतळाबाईंनी आजूबाजूच्या घुमटांकडे हात केला. "आकाश कोसळलं का?"

श्रीकांत हसला. हसता हसता त्याने तोंड वळवलं आणि हापशावर खसाखसा तोंड धुतलं.

"देतो शब्द," तो म्हणाला.

"कसला देतोस? नीट बोल."

"तुला आबांच्या शेजारी बसवीन. मांडी घालून. तोंडावर पदर टाकून."

"तोंड कुठे?"

"उगवतीला."

"चल मग. साड्या बघायच्यात."

दोघं मंडळींकडे परत आल्यावर दामल्यांनी श्रीकांतला बाजूला घेतलं. "गिरी, त्या वेळी अस्थींसाठी म्हणून तुम्ही दोन दिवस जास्तीची रजा घेतली होतीत."

"घेतली होती, साहेब."

"मग काय केलंत ते दोन दिवस?"

"गावी झोपून होतो."

दामल्यांनी मान हलवली. "बरं केलंत," ते म्हणाले, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

संध्याकाळच्या गाडीत सगळ्या बायकांच्या मांडीवर साड्यांची पुडकी होती. पुतळाबाईंनी काहीच घेतलं नव्हतं. त्या नवसारीच्या आधीच झोपून गेल्या, सरिताच्या खांद्यावर डोकं टाकून.

त्या सहलीतल्या माणसांचं पुढे असं झालं. तानूबाईंच्या नवऱ्याने किलवणीला जागा घेऊन घर बांधलं. तिथे त्यांनी नातवंडं वाढवली आणि शेवटपर्यंत कोणालाही बोलण्यात हार गेल्या नाहीत. दामले १९९२ साली पुण्याला परतले. सुजाताने तिथे बायकांचे गट घेऊन जुनी ठिकाणं दाखवायला सुरुवात केली, आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हाच ते थांबलं. दामले निवृत्तीनंतर थोडीच वर्षं जगले. सुकदेव नोकरी संपल्यावर नंदुरबारकडे गेल्याचं कोणीतरी सांगितलं, त्यापुढचं ठाऊक नाही.

पुतळाबाई १९९७च्या जानेवारीत गेल्या, सकाळी चहा पिऊन, बोलता बोलता. श्रीकांतने कोणाला विचारलं नाही. कारखान्यातून गाडी मागवली आणि पेठच्या घाटातून आईला गावी नेलं. गावातल्या वडीलधाऱ्यांनी सरिताला विहिरीपाशी थांबायला सांगितलं. श्रीकांत म्हणाला, ती इथेच उभी राहील. पदर सरिताने टाकला. पहिली मूठ मात्र श्रीकांतनेच टाकली आणि शेवटपर्यंत काठावरून हलला नाही. त्यानंतर भाऊबंदांत कोणी गेलं की त्या घरातल्या बायकाही खड्ड्यापर्यंत येऊ लागल्या. आधी एखादी, मग सगळ्या.

श्रीकांत आणि सरिता पुढे सिल्वासातच स्थायिक झाले. गावचं शेत चुलतभावांनी वाटून विकलं, पण बेलाखालचा तो बांध श्रीकांतने कोणालाच विकू दिला नाही.