उरलेले दोन बाइट

शुक्रवारी थोरलीला भंगारात काढायचं ठरलं होतं, आणि मी सोमवारी सकाळी तिथे पोचले ते वेगळ्याच कामाला.

थोरली म्हणजे माझ्या मामाची लेथ, धातूचा तुकडा फिरवत कापून घडवणारं यंत्र. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी पाच यंत्रं, पाचही एकाच कंपनीची, त्यांतली ही सगळ्यांत आधी आलेली, म्हणून थोरली. मामा बावीस वर्षं तिच्यासमोर उभा आहे. माझा तो सख्खा मामा, पण तिथे सगळेच त्याला मामा म्हणतात, अगदी मॅनेजरसुद्धा. वर्षअखेर तो निवृत्त होणार होता. त्याचं मागणं एकच होतं की आपण गेल्यावरही ती चालू राहावी. "माझ्या डोळ्यांदेखत तिला ट्रकवर चढवू नका," असं तो मॅनेजरला म्हणाला होता. मामा कुणाकडे काही मागत नाही. माझ्या आजवरच्या आयुष्यात मी त्याला काही मागताना पाहिलेलं नाही.

मॅनेजरला सगळे पाठीमागे ग्राफसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही, पण घराला आग लागली तरी आधी तिचा आलेख मागेल असा. त्याच्या ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा आहे आणि त्यावर पाच यंत्रांच्या पाच रेघा. प्रत्येक जॉबच्या, म्हणजे घडवायच्या तुकड्याच्या, शेवटी कापणारं टूल जिथे थांबायला हवं तिथे थांबलं का, ते ती रेघ सांगते. चौघींच्या रेघा सरळ. थोरलीची सकाळी सरळ असायची, अकरानंतर घसरायला लागायची आणि दुपारी दोनच्या सुमाराला वीस-बावीस मायक्रॉन खाली. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रॉन.

"पण जॉब तर बरोबर निघतात," मी म्हटलं.

"निघतात, कारण मामा आहेत," ग्राफसाहेब म्हणाले. "ते हाताने आकडे फिरवून सांभाळून घेतात. मामा गेले की काय करायचं, मॅडम?"

"मी काही फिरवत नाही," मामा म्हणाला. "तिचं तीच करते."

ग्राफसाहेब हसले. मोठ्या माणसाचा नम्रपणा म्हणून सोडून दिलं त्यांनी. खरं सांगायचं तर मीही तेच केलं.

माझं काम होतं ते पलीकडच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरचं. यंत्रांशी बोलायला यंत्राच्या कंपनीने पूर्वी एक लायब्ररी दिली होती, म्हणजे तयार प्रोग्रॅमचं एक बंद गाठोडं. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. आपण विचारायचं, "टूल कुठे आहे?" आणि गाठोड्याने यंत्राला विचारून आकडा आणून द्यायचा. ती कंपनी कधीच बंद पडली. गाठोडं नव्या कॉम्प्युटरवर चालेना आणि जुना कॉम्प्युटर आज आहे उद्या नाही अशा अवस्थेत. शिवाय आम्ही प्रोग्रॅमर आता ज्या भाषेत लिहितो तिथे चूक झाली तर निदान कुठे झाली ते कळतं. हे गाठोडं बिनसलं की चकार शब्द न काढता सगळा प्रोग्रॅम घेऊन बुडायचं. असल्या गोष्टींनी माझं डोकं फिरतं. मी ठरवलं की गाठोडं काढून टाकायचं आणि यंत्राशी आपणच थेट केबलवरून बोलायचं.

अडचण एवढीच की यंत्राची भाषा कुणी लिहून ठेवलेली नव्हती. मग मी चोरून ऐकायला बसले. केबलवरून काय काय जातं ते दाखवणारा प्रोग्रॅम लावला आणि गाठोडं काय विचारतं, थोरली काय उत्तर देते, ते मंगळवार दुपारपर्यंत वहीत उतरवत राहिले. सगळे नुसते आकडे. प्रत्येक आकडा एक बाइट, शून्य ते दोनशे पंचावन्न. पहिल्या दिवशी मी हात टेकले होते. दुसऱ्या दिवशी त्यात ओळी दिसायला लागल्या. ही हाक, हा यंत्राचा नंबर, हा प्रश्न, हे उत्तर.

मग मी माझी स्वतःची हाक लिहिली आणि पाठवली. गाठोड्याशिवाय, माझ्या हातचे वीस-बावीस बाइट. उत्तर यायला डोळ्याची पापणी लवावी एवढाही वेळ लागला नाही. तिने आपला प्रकार सांगितला, नंबर सांगितला, कुठल्या वर्षी तयार झाली ते सांगितलं.  इतकी वर्षं ती मधल्या दुभाष्याशीच बोलत होती, आणि आता सरळ माझ्याशी बोलली. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, का ते मला आजही सांगता येणार नाही.

"मामा, हँडव्हील एक खूण फिरव," मी ओरडले.

हँडव्हील म्हणजे हाताने टूल सरकवायचं छोटं चाक. मामाने अंगठ्याने ते एक टक फिरवलं. पडद्यावरचा एक बाइट एकाने वाढला.

"किती सरकलं?"

"एक मायक्रॉन," तो म्हणाला. "डोक्यावरच्या केसाचे साठ-सत्तर भाग केलेस तर त्यातला एक."

"अजून एक."

टक. अजून एकाने वाढला. सत्तेचाळीस टनांचं ते धूड तिकडे केसाच्या सत्तराव्या भागाने हललं, आणि इकडे मला ते कळलं. बाइट दोनशे पंचावन्नवर आला, पुढच्या टकेला शून्य झाला आणि शेजारचा एकाने वाढला. मामा चाक फिरवत राहिला, मी बघत राहिले. पंधरा मिनिटं आम्ही दोघं तेवढंच करत होतो, आणि मला वाटत होतं की हे कधी संपू नये.

"सत्तेचाळीस नाही, सात टन," हे मी नंतर सांगत होते तेव्हा मामाने मला दुरुस्त केलं. "उगीच तिचं वजन वाढवू नकोस."

बुधवारी प्रोग्रॅम पुरा झाला. एकच गोष्ट समजली नव्हती. थोरलीच्या उत्तराच्या शेवटी दोन बाइट उरत होते. सकाळी पाहिले तेव्हा दोन्ही शून्य. बाकीच्या चौघी हे दोन बाइट पाठवतच नव्हत्या. जुन्या यंत्रांना अशी खोड असते. उत्तराची लांबी पुरी करायला शेवटी काहीतरी कचरा भरतात. आमच्या धंद्यात जुनं काढून नवं बसवताना परीक्षेची एक ठरलेली रीत आहे. दोन्ही प्रोग्रॅम शेजारी चालवायचे आणि नव्याचं उत्तर जुन्याशी जुळलं की पास. गाठोडं त्या दोन बाइटना हात लावत नव्हतं. मग मीही लावला नाही. प्रोग्रॅममध्ये टीप लिहिली, "उरलेले दोन बाइट. भरती. दुर्लक्ष करावे."

गुरुवारी सकाळपासून दोन्ही शेजारी चालवले. दुपारपर्यंत काही हजार उत्तरं आली आणि एकातही फरक नाही. मी हवेत होते. ग्राफसाहेबांना बोलावलं, जुनं गाठोडं बंद केलं, आणि भिंतीवरचा पडदा माझ्या प्रोग्रॅमवर चालायला लागला.

ग्राफसाहेबांनी थोरलीची रेघ पाहिली. तीच घसरण, तेच बावीस मायक्रॉन.

"बघा मामा," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचं होतं. "मला वाटलं होतं, कदाचित त्या जुन्या प्रोग्रॅमची चूक असेल. आता तुमच्या भाचीनेच नवा लिहिला, तोही तेच सांगतो. दोन साक्षीदार झाले. उद्या सकाळी ट्रक येईल."

 कापसाच्या बोळ्याने हात पुसत मामा थोरलीकडे परत गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार दिवस राबून मी तिच्याविरुद्ध साक्ष तयार केली होती, आणि वर त्याचा अभिमान बाळगला होता.

मी त्याच्या मागे गेले. त्याची समजूत घालावी असं मनात होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. माझा रागच तसा आहे, जिथे नको तिथे उसळतो.

"मामा, आकडे खोटं बोलत नाहीत. तू हात लावत असशील तर तसं सांग तरी. त्यात कसली लाज?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही. बाजूचं स्टूल ओढून दिलं.

"बस इथे," तो म्हणाला. "माझ्या हातांकडे बघ. दुसरीकडे कुठे बघू नकोस."

दुपारचे दोन वाजत आले होते, तिची सगळ्यांत वाईट वेळ. त्याने जॉब लावला, दार ओढलं, हिरवं बटण दाबलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. आत टूल गार ठेवणाऱ्या कूलंटचं पांढरं पाणी काचेवर आपटत होतं. नऊ मिनिटं मी त्या हातांकडे बघत बसले. ते हलले नाहीत. दार उघडलं, जॉब निघाला. तो गार होईपर्यंत मामाने थांबायला लावलं, मग मायक्रोमीटर माझ्याच हातात दिला.

"मोज."

मी मोजलं. ड्रॉइंगमध्ये होतं तेवढंच. पुन्हा मोजलं. दुसऱ्या बाजूने मोजलं.

"पडदा काय म्हणतो?" त्याने विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. "तेवीसने चुकली म्हणतो."

"जॉब बरोबर आहे. तू खोटं बोलत नाहीस, तीही बोलत नाही. मग मधे काय हरवतंय ते तू शोध. मला तुझ्यातलं कळत नाही."

मी तिचं शेवटचं उत्तर उघडलं, बाइट-बाइट. अगदी शेवटी ते दोन होते, माझ्या कचऱ्यातले. सकाळचे शून्य आता शून्य राहिले नव्हते. पडद्यावर होतं ०० १७. बाइट लिहिताना आम्ही दहाऐवजी सोळाने मोजतो. १७ म्हणजे एक सोळा आणि वर सात.

तेवीस.

 सकाळपासूनची सगळी उत्तरं भराभर वर सरकवली. आपल्या नेहमीच्या दहाच्या हिशेबात नऊला शून्य. अकराला दोन. बाराला नऊ. एकला सतरा. रेघ जेवढी खाली जात होती तेवढेच हे दोन बाइट वर चढत होते.

"मामा," मी हळूच विचारलं, "दुपारी तिच्यात तेवीस कुठून येतात?"

 मामाने दार पुरतं उघडलं आणि आतला लांब स्क्रू दाखवला. मोटर तो फिरवते आणि त्याच्यावरच टूलचा गाडा पुढेमागे सरकतो. "दिवसभर चालून हा तापतो. तापला की लांबतो. ती नवी असताना दुपारचे जॉब खरंच चुकायचे. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक इंजिनिअर आला आणि स्क्रूला तापमान कळणारा काटा बसवून गेला. म्हणाला, किती तापला की किती लांबतो ते मोजून यंत्रात भरा, पुढचं ती बघेल. ते मोजायला मला सहा आठवडे लागले. अर्ध्या अर्ध्या अंशाला थांबायचं आणि डायल लावून किती लांबला ते मोजायचं. चौसष्ट आकडे. आता स्क्रू जेवढा लांबतो तेवढी ती मोटर कमी फिरवते. तेव्हापासून मी हात लावलेला नाही. नंतर आलेल्या चौघींचा स्क्रू तेलाने गार राहतो, त्यांना काटा लागलाच नाही."

म्हणजे गाठोडं त्या काट्याच्या आधीचं. त्याला जेवढं ठाऊक तेवढं ते वाचायचं, मोटर कमी फिरलेली बघायचं, आणि का कमी फिरली ते सांगणारे दोन बाइट टाकून द्यायचं. आणि मी, डोळे उघडे ठेवून, तेच टाकून दिले होते.

"ते आकडे तिच्यात कुठे आहेत?"

"पान चारशे बारा," तो क्षणाचाही विचार न करता म्हणाला.

गाठोड्याने तिच्या मेमरीतलं हे पान कधी मागितलंच नव्हतं. पान मागायची हाक मला आता येत होती, फक्त नंबर बदलला. चौसष्ट आकडे एका दमात आले. मी पडदा मामाकडे वळवला नाही. मी म्हटलं, "मामा, तुला आठवतात?"

त्याने डोळे मिटले. "शून्य, शून्य, शून्य, एक, एक, दोन," तो म्हणायला लागला. मी पडद्यावर बोट ठेवून त्याच्या मागे चालले. "अकरा, बारा, बारा, पंधरा. तिथे एकदम उडी आहे, म्हणून ते मी तीनदा मोजलं होतं. मग सोळा." पडद्यावर अकरा, बारा, बारा, पंधरा, सोळा. चाळिसाव्या आकड्यानंतर तो अडला, पण थोरली अडली नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. एवढ्या वर्षांपूर्वीचे सहा आठवडे जसेच्या तसे तिच्यात होते, आणि दर दुपारी, न चुकता, ती ते वापरत होती.

टीप पुसून टाकायला आणि दोन बाइट मिळवायला मला चार ओळी लागल्या. भिंतीवर थोरलीची रेघ उचलली गेली आणि चौघींच्या शेजारी सरळ झाली.

 ग्राफसाहेबांनी मायक्रोमीटर मागवून जॉब स्वतः मोजला. मग ट्रकवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. ठेवता ठेवता त्यांच्या मनात पुन्हा शंका आली.

"पण मॅडम, वर्षअखेर मामा गेल्यावर काय?"

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. थोरली पुढच्या जॉबवर होती. तिच्यासमोर कुणीच नव्हतं. शेवटचे दोन बाइट होते ०० १८. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, मामा साबणाने हात धूत होता.

"चोवीस," मी म्हटलं.