बोटावरची रेघ

मिरजेत आमचं सतारी बनवायचं दुकान आहे. छताला वाळत टांगलेला सगळ्यात देखणा भोपळा माझ्या सतारीचा, असं मी चार वर्षं धरून चालले होते. अब्बांनी त्याची सतार सोनियाला कबूल केली. कुंडलची सोनिया, माझ्याच सतारीच्या क्लासातली, आणि शिकायला लागली माझ्यानंतर!

अब्बांनी तिच्या डाव्या हाताचं बोट तेवढं बघितलं. तारेनं त्यावर काळी रेघ पडली होती. "हिचा रियाज हाय," म्हणाले. माझं बोट लोण्यासारखं मऊ. दुखायला लागलं की मी सतार खाली ठेवायची.

मी लय जळले. दुपारी अब्बांची कानस घेतली आणि बोटावर घासून घासून तसलीच रेघ काढली. रक्त आलं. संध्याकाळी बोट त्यांच्यापुढं धरलं.

"ही तारेची न्हाई, अर्फा. माझ्या कानशीची हाय," ते म्हणाले. "कानस पुसून जागेवर ठेव."

दुसऱ्या दिवशी क्लासात तार नेमकी त्याच जखमेत रुतली. डोळ्यांत पाणी आलं, पण बोट उचललं नाही. समोर सोनिया बसली होती.