कंसातला राखाडी

विकीवरच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या संकेतस्थळावरच्या, प्रत्येक पानाला इतिहास असतो. कोणी बदललं, कधी बदललं, काय बदललं आणि का. ताजा बदल सगळ्यांत वर दिसतो. ही गोष्ट मात्र तळाच्या, सगळ्यांत जुन्या बदलापासून वाचायची आहे.

बदल पहिला. करणारी: सुखदा. कारण: "प्रोग्रामना रंग दिले. वाचायला सोपं जाईल."

निघोज्याच्या त्या कारखान्यात चाकांचे हब बनायचे आणि प्रत्येक लेथचा प्रोग्राम कंपनीच्या विकीवर ठेवलेला असायचा. चारशे-पाचशे ओळी, सगळ्या काळ्या, मुंग्यांची रांग लागल्यासारख्या. सुखदा आयटीत एकटीच. तिनं दोन आठवडे खपून विकीला प्रोग्राम ओळखायला शिकवलं. हुकूम जांभळे, आकडे निळे, टूलचे नंबर हिरवे. कंसातला मजकूर फिका राखाडी. कंसातलं मशीन वाचतच नाही, ते नुसतं माणसांसाठी लिहिलेलं असतं. मग ते जरा मागं सरकलेलं बरं. जगभर तसंच करतात.

कंसातला मजकूर बहुतेक भैरूदादांचा. भैरूदादा म्हणजे इथले सगळ्यांत जुने सेटर, मशीनला टूल लावून जुळवून देणारे, निघोज्याचेच. ते सांगायचे आणि कोणीतरी त्यांच्याच शब्दांत टाइप करायचं.

"रंगपंचमी केली की वो ताई," ते तिच्या टेबलाशी येऊन म्हणाले. "आता आमची म्हस बी वाचंल."

"दादा, दिसतंय ना नीट?"

"तुमच्या टीव्हीवर तर झ्याक दिसतंय."

'तुमच्या टीव्हीवर' हे शब्द तिच्या कानांवरून गेले. कारखान्याचे मॅनेजर अनिश सर यांनी सगळ्यांना मेल पाठवला, सूचना फलकावर तिचं नाव लागलं. त्या फलकाचा फोटो तिनं रहाटणीला घरच्यांना पाठवला.

कागद

खाली, मशीनपाशी, कोणी स्क्रीन बघत नाही. हात तेलाचे असतात. टूलरूममध्ये एक जुना प्रिंटर आहे, काळा-पांढरा, टोनर वाचवायच्या सेटिंगवर ठेवलेला. पान तिथं छापायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं, लोहचुंबकानं मशीनच्या दाराला लावायचं. गेली कित्येक वर्षं हीच रीत.

सुखदाला हे माहीत नव्हतं असं नाही. तो प्रिंटर तिनंच दोनदा दुरुस्त केला होता.

सात नंबरच्या लेथचं पान स्क्रीनवर असं:

T0505
(बार लांब हाय. एक-एक ओळ चालव. घाई करू नको.)
G00 X42. Z5.

आणि दारावर असं:

T0505

G00 X42. Z5.

बदल नाही. सोमवार.

समाधान ठेकेदाराकडून आलेला, मूळचा बीडकडचा, लेथवर अकरा वर्षं काढलेला. सात नंबरवर त्याला त्या सकाळी पहिल्यांदाच टाकलं होतं. त्यानं कागद वाचला, सेटिंग केलं, बटण दाबलं. प्रोग्राम एका दमात, कुठं न थांबता धावला. टूल धरणारा लांब बार हब पकडणाऱ्या फिरत्या चकवर आदळला. आवाज कँटीनपर्यंत गेला. दाराची काच फुटली, समाधानच्या कानाजवळ तीन टाके पडले, मशीनचा मुख्य दांडा वाकला.

बदल दुसरा. सोमवार, दुपारी दोन दहा. करणारी: सुखदा. कारण:

कारण रिकामं आहे.

ती खाली गेली होती. मशीन पुसायचं चाललं होतं. दारावरच्या पिशवीतला कागद तिनं पाहिला आणि त्यातली रिकामी ओळही. कोणाशी न बोलता ती वर आली, रंगांचं पान उघडलं आणि राखाडीचा गडद तांबडा केला, वर ठळक. खाली चौकट होती: बदलाचं कारण लिहा. ती चौकटीकडे बघत राहिली. मग तशीच पुढं गेली.

आधी पुढचा अपघात टाळायला हवा, असं तिनं मनाशी म्हटलं. ते खरंही होतं. खरं होतं म्हणूनच त्याच्या आड लपता आलं.

मंगळवार

बैठकीला अनिश सर, ठेकेदाराचा माणूस, भैरूदादा, कानाला पट्टी बांधलेला समाधान. आणि सुखदा, प्रोजेक्टर लावायला.

"सर, माझ्या कागदावर हे नव्हतंच," समाधान म्हणाला. "आईशप्पथ नव्हतं."

"कुठंय तो कागद?"

"झाडलोटीत गेला, सर."

"सुखदा, एक प्रिंट मारा. त्याच प्रिंटरवरून."

तिनं मारली. कागद अजून गरम होता. सूचना जाड, काळीकुट्ट. अनिश सरांनी कागद समाधानपुढं सरकवला. "मोठ्यानं वाच."

"बार लांब हाय. एक-एक ओळ चालव." तो थांबला. "घाई करू नको."

"अकरा वर्सं काढली आन् येवडं वाचता यिना व्हय रे?" भैरूदादा कडाडले. "माझ्या मशीनचं वाटुळं केलंस की!"

समाधान कागदाकडे बघत होता. "मग मलाच दिसलं नसंल, सर."

शनिवारी समाधाननं गेटपास जमा करून काम सोडायचं, असं ठरलं. सुखदानं प्रोजेक्टरची वायर काढली आणि उगाच फार नीट गुंडाळली.

बुधवार, सकाळ

भैरूदादा तिच्या टेबलाशी आले. हातात तेलानं पारदर्शक झालेला कागद. धातूच्या किसाच्या ट्रॉलीत सापडला होता.

"ताई, ह्याच्यावर न्हाई वो ती ओळ."

"तेलानं पुसली असेल, दादा."

"येकच ओळ पुसली?"

ते तिला पकडायला आले नव्हते. डॉक्टरला विचारावं तसं विचारत होते. तिनं नजर स्क्रीनकडे वळवली.

"असंल मग," ते म्हणाले. "तुमी शिकलेल्या. मला त्यातलं काय कळतंय? पर काल मी त्याला चार मान्सांत लई बोललो." त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जिना उतरले.

सुखदा उठून पाणी प्यायली. परत बसली. शनिवारपर्यंत तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत भैरूदादा आणखी काही विचारणार नव्हते, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं म्हटलं तेलानं पुसली, तर तेलानं पुसली.

बुधवार, दुपार

तिनं अनिश सरांच्या केबिनमध्ये भैरूदादा आणि समाधानला बोलवून घेतलं. त्यांच्यासमोर रंग पुन्हा राखाडी केला आणि टूलरूममधून पान छापून आणलं. टेबलावर ठेवलं.

T0505

G00 X42. Z5.

भैरूदादांनी खिशातली घडी उलगडून शेजारी ठेवली. दोन्ही सारखी.

"हे मी केलं होतं," ती म्हणाली. "आणि सोमवारी अपघातानंतर मीच बदललं. कालची प्रिंट त्यानंतरची." तिनं इतिहास उघडून दाखवला. तिचं नाव, दोन दहा, आणि कारणाची रिकामी जागा.

अनिश सरांनी चष्मा काढला. "काल इथंच बसला होतात. का नाही बोललात?"

तिनं उत्तर तयार करून आणलं होतं. चाचणी, वेळ, माणसं कमी. त्यातलं काही बोलावंसं वाटेना. "लाज वाटली, सर."

"आणि आज नाही वाटत?"

"कालच्यापेक्षा जास्त वाटतेय."

समाधान चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला असता तर सोपं गेलं असतं. तो कानाची पट्टी चाचपत म्हणाला, "मॅडम, काल मी चाकणला जाऊन डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणले, काहीच नाही. मला तरी पटंना."

गेटपास त्याच्याकडेच राहिला. सुखदाचं काय करायचं ते बघू, असं अनिश सर म्हणाले. भैरूदादांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खिशाचं निळं पेन काढलं आणि त्या रिकाम्या ओळीत, सावकाश, एकेक अक्षर लिहिलं: बार लांब हाय. मग कागद समाधानच्या हातात दिला. "चुकलं माझं, भावा."

बदल चौथा. करणारी: सुखदा. कारण: "राखाडी रंग कागदावर उमटत नव्हता. अपघात त्यामुळे झाला. चूक माझी. दुसऱ्या बदलाचं कारणही हेच होतं, तेव्हा लिहिलं नाही. तिसरा बदल हे दाखवण्यासाठी केला होता."

आता सूचना छापून येते, तांबड्याची काळी होऊन, लांबूनही वाचता येते. तरी भैरूदादा दर नव्या कागदावर, छापलेल्या ओळीच्या अगदी खाली, तीच ओळ निळ्या पेनानं पुन्हा लिहितात.

"दादा, आता उमटतंय की," ती एकदा म्हणाली.

"व्हय, उमटतंय," ते म्हणाले आणि लिहीत राहिले.